ठमीच्या गुडघ्याची तांबडी पट्टी

कुसळवाडी,
६ जानेवारी २०२६, मंगळवार

इसरे,

चार दिस झाले, माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. तू म्हणशील लेकरू रडतंय. लेकरू न्हाई रडत, ते पाय पसरून घोरतंय. मीच बाजेवर पाय वर घेऊन बसते, कावून तर आमच्या भुईत करंट सोडणार हायेत.

हसू नगं. आदी समदं वाच.

तुला ठावं हाय, आमची वाडी मोराच्या जंगलात. पाच घरं, येक रस्ता, बाकी समदे मोर. फोनला कांडी येत न्हाई, ती टेकाच्या पलीकडं येती, आन फोन कायम ठमीच्या बापाच्या खिशात. म्हणून कागुद लिवते. दुधाच्या कॅनच्या कडीला पिशवी बांधली हाय, म्हाळू टेम्पोवाला चौसाळ्याला तुमच्या दुकानात टाकील. चौथीपातूर शिकलेलीचं अक्षर हाय, संबाळून घे.

तर जंगलाच्या सायबानं आन लाईटीच्या सायबानं मिळून ठरिवलं की ह्या जंगलात वर तार ठिवायची न्हाई. मोर तारंला चिकटून मरतात. खांब काढायचे, तार काढायची, केबल भुईत पुरायची. पुरा की! मोर वाचू दे, मी कुटं न्हाई म्हणते? पर पुरली कुटं, तर आमच्या दारातनं. उंबऱ्यापासून सहा पावलं. पावलं माझी, माझी बारकी हायेत.

मागच्या वैशाखात काय झालतं ते म्या तुला सांगिटलं न्हाई. ठमी दीड महिन्याची. अंगणात पाळणा बांधलेला. येक मोर उडत आला, भला मोठा पिसारा, दोन तारांवर येकदम पडला. असा आवाज झाला इसरे, जणू आभाळाचं मडकं फुटलं. मोर खाली आला तो पाळण्यापासून दोन हातावर. पिसं जळत होती. ठमी हसत होती, तिला वाटलं खेळणं आलं. मी त्या दिवशी करंट बगितला. तवापासून बटण दाबायचं झालं तर लाटण्यानं दाबते.

आन आता त्योच करंट खाली, आन ठमी लागलीय रांगायला!

केबल पुरणाऱ्यांचा मुकादम हाय, बिभीषण, सिरसाळ्याचा. त्याला म्या इचारलं, भाऊ, लेकराला काय हुईल का? तर म्हणला, "वैनी, करंट पायाखाली आला आता. चप्पल घालूनच झोपत जा." आन समदे खोऱ्यावाले खी खी हसले. चेष्टा केली असंल. पर चप्पल घातल्यावर तरी झोप येती का गं? म्या घालून बगितली.

मंग म्या माझी रबरी चप्पल इळ्यानं कापली. चार तुकडे केले. दोन ठमीच्या गुडघ्याला, दोन तळहाताला. बांधायला मुकादमाकडं प्लास्टिकची तांबडी पट्टी हाय, मोठाले गुंडाळे. चरात टाकायची म्हणतात, पर त्यो बायांना वाटतोय. शेजारच्या केशरबाईनं वाळवणाची दोरी केली, कुणी कडब्याला बांधली. म्या ठमीच्या गुडघ्याला बांधली. आता ती रांगती तवा फटाक फटाक वाजतंय. कुत्रं पळून गेलं.

ठमीचा बाप म्हणतो, "इतकी वरसं डोक्यावर करंट होता तवा झोपलीस की." म्या म्हणलं, डोक्यावरचा दिसत होता. साप दिसला तर माणूस बाजूला हुतं. साप घरात शिरला आन दिसंना झाला, मंग कोण झोपतं?

तुझे धनी सोमेश्वरभाऊजी मोटारी-वायरींचं दुकान चालिवतात. त्यांना इचारून लिव. लेकरू रांगलं तर चालतं का? दारात पाणी सांडलं तर? म्हैस मुतली तर?

म्हशीचं नीट इचार. ती लई मुतती.

तुझी रोही


चौसाळा,
११ जानेवारी, रविवार

रोहे,

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं, ही माझी चूक झाली. गिऱ्हाईकं खुर्च्या ओढून बसली. म्हशीपाशी आल्यावर आमचे सासरे मृत्युंजयअप्पा चहात ठसकले. अजून अधनंमधनं एकटेच हसतात.

आता उत्तर. सोमेश्वरना विचारलं. ते म्हणाले, भुईतली केबल म्हणजे हळदीची नवरी. आतल्या तारेवर एक जाड पदर, त्यावर दुसरा, त्यावर लोखंडाची पट्टी, त्यावर परत काळा पदर. वर वाळू, वर माती. लेकरू रांगू दे, नाचू दे. पाणी सांडू दे. म्हशीला त्यांचा नमस्कार सांगितलाय, म्हणाले तिला मनमोकळं जगू दे.

एकच गोष्ट. तिथं खोदायचं नाही. खोदलं आणि पदर फाटला, की मग ते अकरा हजार व्होल्टचं प्रकरण असतं. म्हणून तर वरून खुणेचे दगड लावतात.

काल भारत आलेला. तुझा भाऊ आहे म्हणून सांगत नाही, पण त्या जेसीबीवर बसला की स्वतःला अंबारीत बसलाय असं समजतो. दुकानापुढं मशीन उभं केलं, पंजा वर करून मला नमस्कार घातला. म्हणाला, "माझ्या भाचीचं जावळ कधी? मांडी तयार हाय." त्याला गुडघ्याच्या चपलांचं सांगितलं, तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग खरंच पाणी आलं. गमजानं पुसलं आणि म्हणाला धूळ गेली.

झोप गं बाई.

तुझी ईश्वरी


कुसळवाडी,
२० जानेवारी, मंगळवार

इसरे,

झोपले! चार रात्री पालथी पडून झोपले. कावून झोप लागली ते इचारू नगं.

आदी संक्रांतीची गंमत ऐक. त्या दिवशी करंट सोडला. सरपंच कल्याणराव फेटा बांधून आले. बटण त्यांच्याच हातानं दाबायचं. आमी पाची घरच्या बाया बाजंवर उभ्या. आत्याबाई, माझ्या सासूबाई गं, लाकडी पाटावर, हातात तिळगुळाची वाटी. म्हणल्या, मरायचं तर गोड बोलून मरू.

बटण दाबलं. समद्यांच्या घरी लाईट आली. टाळ्या झाल्या. येकट्या कल्याणरावांच्या घरी आंधार! मोटारबी बंद, टीव्हीबी बंद. वायरमननं इचारलं, सरपंच, तुमचं मीटर कुटं हाय? सरपंच फेटा सारखा करायला लागले. तवा समद्या वाडीला कळालं. आकडा टाकणाऱ्यांना पाच वरसं ज्यानं दम दिला, त्याचाच आकडा समद्यात मोठा! तार गेली, आकडा अडकवायचा कुटं? आत्याबाई पाटावरूनच म्हणल्या, "सरपंच, आता भुईत गळ टाका." बाया अशा हसल्या की केशरबाईची बाज मोडली. केशरबाई भुईवर आपटली, करंटबी लागला न्हाई, मंग आमीबी येक येक करून खाली उतरलो.

खांब काढले. आता मोरांची पंचाईत. त्यांना बसायला उंच काय न्हाई, तर येक आमच्या पत्र्यावर येऊन बसतो. तांबडं फुटलं की पत्र्यावर थयथयाट. ठमी आतनं गुडघे आपटून त्याला जबाब देती. वरनं फटाक, खालनं फटाक. पर इसरे, तारंखाली मोर पडायची धास्ती गेली. पिसारा मोकळा सोडून उडतात. बगत बसावं वाटतं.

आन आमच्या वाडीत देव आलेत. पाच.

जाताना मुकादमानं परतेक दारापुढं शिमिटाचा येक येक दगड पुरला, ढोपराइतका. वर तांबडी नागमोडी रेघ. आत्याबाईंनी बगितलं, तांबडं म्हणजे शेंदूरच. म्हणल्या, दारात देव आलाय आन आमी काय दगडाच्या काळजाच्या? तेल-शेंदूर माखला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी केशरबाईनं तिच्या दगडाला माखला. तिसऱ्या दिवशी समदे देव लालभडक. रेघ आता दिसत न्हाई. म्या त्यांना समजावलं, आत्याबाई, ही खूण हाय. त्या म्हणल्या, "देव म्हणजे तरी काय असतंय गं, खूणच की."

म्याबी हात जोडले. चौथी शिकलेली.

बाकी समदं बरं. मला झोप लागती. ठमीचं जावळ शिवजयंतीला काढायचं ठरलंय, १९ फेब्रुवारी, गुरुवार. दादाला सांग. त्याच्या मांडीबिगर कात्री लागणार न्हाई.

तुझी रोही


चौसाळा,
२९ जानेवारी, गुरुवार

रोहे,

सरपंचाचा आकडा आमच्या दुकानात आता म्हणीसारखा झालाय. कुणी उधारी बुडवली की अप्पा म्हणतात, "ह्याला भुईत गळ टाकायला लावा."

तुला झोप लागली, मला समाधान झालं. सोमेश्वर मिशीला पीळ देत फिरतात, की माझ्या समजावण्यानं एका बाईची भीती गेली. मी त्यांना म्हणलं, तुमच्यामुळं बायकोला कधी झोप लागली नाही, मैत्रिणीला तरी लागली.

आता मोठी खबर. तुमच्या वाडीला नळ येतोय! पुलापासून वाडीपर्यंत रस्त्याच्या कडेनं पाइपाचा चर खोदायचा आहे, तीन किलोमीटर. आणि तो खोदणार कोण? आपला भारत! त्याच्या मालकाला काम मिळालंय. भारत तर उड्या मारतोय. म्हणतो, "दुसऱ्याचे मामा जावळाला चांदीचं कडं आणतात, मी तीन किलोमीटरचा चर आणतोय."

पण त्याला तुझ्याकडून एक माहिती पाहिजे. केबल रस्त्याच्या कोणत्या बाजूनं गेलीय? नकाशा मुकादमाकडं होता, तो दुसऱ्या कामावर गेला, फोन उचलत नाही. म्हणून भारत म्हणतो, "रोहीला विचारा दगड कुठं हायेत. ज्या बाजूला दगड, ती बाजू सोडून दुसरीकडनं खोदतो." पुलाकडून वाडीला येताना दगड डाव्या हाताला का उजव्या, तेवढं नीट बघून लिही.

तुझी ईश्वरी


कुसळवाडी,
४ फेब्रुवारी, बुधवार

इसरे,

नळ! म्या आत्याबाईंना सांगिटलं तर त्यांनी देवाला दुसरा नारळ फोडला. म्हणल्या, बगितलंस का, बसला न्हाई तोच पाणी दिलं.

दादाला सांग, पुलाकडनं येताना समदे दगड डाव्या हाताला हायेत. झाडांखाली. येक लिंबाखाली, दोन बोरीखाली, दोन बाभळीखाली. उजव्या हाताला आमची घरं, तिकडं येकबी दगड न्हाई. म्या डोळ्यानं बगून लिवते, खोटं न्हाई. उजवीकडनं बिनघोर खोद म्हणावं. नळबी दाराशीच येईल.

ठमी आता बाजंला धरून उभी ऱ्हाती. परवा मोराचं पीस तोंडात घातलं. निम्मं काढलं. निम्म्याचं दुसऱ्या दिवशी कळालं.

आनखी येक. उगंच इचारते, कामाचं न्हाई. म्हाळूच्या मावसबहिणीच्या गावात येक बाई हाय म्हणं. मी वळखत न्हाई तिला. तिच्या दारातबी असाच दगड होता. तर तिनं आन तिच्या सासूनं त्यो हलिवला म्हणं. देवाला ऊन लागत होतं म्हणून सावलीला नेला. तर मंग करंट दगडाच्या मागं जातो ना? त्या बाईला तसं वाटतंय. कावून तर बांधाचा दगड सरकिवला की बांध सरकतो, शिवंचा दगड सरकिवला की शीव सरकती, हे तर कोर्टबी मानतंय. आमच्या सासऱ्याचं दोन काकऱ्या रान तसंच गेलं. मंग करंटचं कावून तसं नसंल?

आन दगड हलिवला तर पोलीस केस हुती असं तिकडचा येक मुकादम म्हणला होता म्हणं. खरं हाय का?

भाऊजींना इचार. घाई न्हाई. बाई वळखीची न्हाई.

तुझी रोही


चौसाळा,
१२ फेब्रुवारी, गुरुवार

रोहे,

तुझा निरोप भारतला जसाच्या तसा वाचून दाखवला. त्यानं हातावर पेनानं लिहून घेतलं: डावी सोड, उजवी खोद.

आणि ती बाई कोण गं? सोमेश्वर खुर्चीवरून पडायचे राहिले! तिला सांग बाई, करंटला डोळे नसतात दगडाच्या मागं जायला. चौसाळ्याची पाटी उपटून बीडला लावली म्हणून चौसाळा उठून बीडला जातं का? केबल पुरली तिथंच असते, जन्मभर. दगड फक्त बोट दाखवतो. बोट वळवलं तर माणूस चुकतो, केबल नाही. केसबिस होईल तेव्हा होईल, पण हसण्यावारी नको नेऊस. अकरा हजाराच्या केबलवर मशीनचा दात बसला, तर मशीनवरचा माणूस खाली उतरायला राहत नाही, असं सोमेश्वर म्हणाले. त्यांनी एक बघितलाय. नाव घेत नाहीत.

अर्थात वर तांबडी पट्टी असते म्हणे. खोदणाऱ्याला दगड नाही दिसला तरी आधी पट्टी दिसते, मग तो थांबतो. तेव्हा त्या येड्या बाईला सांग, पट्टी आहे तोवर काळजी नको.

आम्ही सगळे महाशिवरात्रीला परळीला चाललो, वैजनाथाला. शुक्रवारी निघतो ते मंगळवारी परत. दुकान बंद, फोन घरातल्या कपाटात. अप्पा म्हणतात, देवाच्या दारात रिंग वाजली तर फोन कुंडात टाकीन.

जाता जाता एक चुगली. भारतनं शपथ घातली होती, पण माझ्या पोटात राहत नाही. जावळाला तो गुरुवारी येणार असं तू समजतेस ना? तो मशीन घेऊन आधीच येणार आहे! सोमवारी, नाहीतर मशीन सुटलं तर रविवारीच. पुलाकडनं सुरू करील, का जंगलाच्या आडवाटेनं येऊन मधनंच, का थेट तुझ्या दारातनं, ते त्याचं त्यालाच माहीत. म्हणतो, "रोही सकाळी दार उघडंल, तर दारात पंजा!"

तू आपलं दचकल्यासारखं कर.

तुझी ईश्वरी


पूल, कुसळवाडीचा फाटा,
१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

ह्यो कागुद ज्याच्या हातात पडंल त्याला,

तुमी दादा असाल, काका असाल, मावशी असाल, मला वळखत न्हाई. म्या रोहिणी. कुसळवाडीची. पुलाच्या कठड्यावर बसलेली, कडंवर लेकरू, पायात चप्पल न्हाई, तीच मी. येडी न्हाई. जरा हुशार असते तर बरं झालं असतं.

ही चौथी चिठ्ठी हाय. येक मोटारसायकलवाल्याला दिली, येक जत्रंच्या जीपला, येक यष्टीच्या कंडक्टरला. तोंडानंबी सांगते, पर माणूस टेक चढंपातूर इसरतो. कागुद इसरत न्हाई.

माझा भाऊ भारत जेसीबी चालिवतो. आज न्हाईतर उद्या त्यो आमच्या रस्त्याच्या उजव्या कडंला चर खोदायला लागंल. म्याच त्याला सांगिटलंय उजवीकडनं खोद. आन करंटाची केबल उजवीकडंच हाय.

म्या खोटं लिवलं न्हाई. दगड खरंच डावीकडं हायेत. पर ते आमीच तिकडं नेले. आत्याबाई म्हणल्या, देवाला ऊन लागतंय. मला वाटलं, देवाबरूबर करंटबी जाईल, माझ्या ठमीच्या उंबऱ्यापासून लांब जाईल. म्या लोखंडी पहार घेऊन गदागदा हलिवला. पुढं आत्याबाई, मागं मी, मधी देव, आन रस्ता वलांडून लिंबाखाली. त्या रात्री मला झोप लागली. मंग बाकीच्या चार घरच्या बायांनीबी नेले, कुणाला झोप नगं? जुनी भोकं बुजवून, सारवून, वर रांगोळी काढली. आता आमच्या वाडीत पाच देव हायेत, आन येकबी जाग्यावर न्हाई.

तांबडी पट्टी चरात पायजे होती. ती केशरबाईच्या वाळवणाला हाय, कडब्याला हाय, आन माझ्या ठमीच्या गुडघ्याला हाय. आत्ता, माझ्या मांडीवर, बगा. खालची माती नुसती माती हाय. माझ्या भावाला थांबिवणारं त्यात काय न्हाई.

मैत्रिणीचा कागुद आज सकाळी दुधाच्या कॅनाबरूबर आला. ठमीला न्हाऊ घालून, भगर टाकून, मंग निवांत वाचायला बसले. पैल्यांदा हसले. पाटी उपटून बीडला लावली, लई हसले. मंग फुडचं वाचलं. भगर जळाली. टेम्पो तवर गेलता, त्यो दिवसातनं येकदाच येतो. वाडी समदी जत्रंला. ठमीचा बाप जावळाचं आवतान द्यायला चकलांब्याला, फोन त्याच्या खिशात. मैत्रीण परळीला, तिचा फोन कपाटात. देवाला येकच दिवस गावला समद्यांना बोलवायला.

म्या आत्याबाईंना समदं सांगिटलं. म्हणलं, देव चुकीच्या जागी हाय. त्यांना उपास, गुडघे दुखतात. तरी तशाच उठल्या. लिंबाखाली गेल्या, पदर खोचला, देवाला म्हणल्या, "बाबा, उनाचं बगू मागनं, पोरीच्या भावाचं बग." आन दोघींनी मिळून त्यो परत दारापुढं आणला. बाकीचे चार दारापुढं नेमके कुटनं उपटले ते आमाला ठावं न्हाई, वर समदं सारवलंय. आता आत्याबाई तिकडल्या टोकाला रस्त्यात बाज टाकून बसल्यात, हातात शेंदराचं ताट. म्हणल्या, मशीन आलं तर त्यालाच फासते. इकडल्या टोकाला मी. मधी तीन किलोमीटर उघडा रस्ता. तिथं नुसते मोर. आन दादाला आडवाटा लई आवडतात.

तीन किलोमीटर म्या अनवाणी आले, त्या केबलीवरनंच. कुटं हाय ते ठावं न्हाई म्हणून अंदाजानं, पाय दाबून दाबून. येवढे दिस जिला भ्याले, तिच्यावरनं चालले आन काय झालं न्हाई. ठमी झोळीतनं मोरांना आवाज देत होती. मला मधीच हसू आलं, मधीच रडू. आता दोन्ही येकदम येतंय. तुमी म्हणाल बाई हसती कावून? थांबत न्हाई ओ.

टेकाच्या पलीकडं गेलं की फोनला कांड्या येतात. जांभळाच्या झाडापाशी दोन, खळ्यापाशी चार. पैला फोन ह्यो करा. नंबर कागदाच्या मागं लिवलाय, दोन डाव.

त्यो तुमचं खरं मानणार न्हाई. त्यो लोकांची चेष्टा करतो, त्याला वाटंल कुणीतरी त्याची करतंय. म्हणंल, "कोण बे तू?" तर रागाला येऊ नगा. त्याला सांगा, लहानपणी आईचं पितळी तपेलं हिरीत तू पाडलंस, आन मार रोहीनं खाल्ला, आन आजून आईला तिनं सांगिटलं न्हाई. हे आमा दोघांबिगर कुणाला ठावं न्हाई. मंग पटंल.

मंग म्हणावं, हातावरचं पुसून टाक. उजवी खोदू नगं, डावीबी खोदू नगं. मशीन बंद कर, खाली उतर, चालत ये. गुरुवारी ठमीचं जावळ हाय, तिला बसायला मामाची मांडी लागती. चर नगं, नळ नगं, चांदीचं कडंबी नगं.

पोलीस मला न्यायला आले तर नेऊ द्या. शुक्रवारी.

आता ह्यो कागुद घडी करून खिशात घालू नगा. वाचून झाला का? मंग टेक चढा. माझ्या भावाला फोन करा.